माईंची भूमिका

रविवारी सकाळी गोटूने दूध सांडलं, फुलबाजीने त्यात आपल्या बाहुलीचे पाय धुतले, आणि अण्णांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं, की सर्व प्रवाशांनी कृपया हॉलकडे जावं, या फलाटावर सफाईचं काम चालू आहे. मुलं किंचाळत हॉलकडे पळाली. म्हणजे फुलबाजी पळाली आणि गोटू तिच्यामागे रांगत गेला, जाताना दुधाचा एक लांब पट्टा ओढत. थोरली फडकं घेऊन खाली बसली आणि पुसता पुसता एकटीच हसत सुटली.

अण्णा म्हणजे तिचे सासरे. उभा जन्म बस स्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून गेलेला, त्यामुळे निवृत्तीनंतरही घरातल्या कुठल्याही गर्दीला त्यांचा आवाज आपोआप लागायचा. सासूबाई, म्हणजे माई, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आवाजाच्या बाबतीत दोघंही एकमेकांना हार जाणारे नव्हते, फक्त अण्णांचा आवाज लांब जायचा आणि माईंचा आत जायचा. थोरलीला धाकटी जाऊ अजून यायची होती, पण लग्नाच्या दिवशीच कोणीतरी तिला थोरली म्हणून हाक मारली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

दोघं परदेशी लेकाकडे येणार हे कितीदा तरी ठरून मोडलं होतं. कधी अण्णांचा मोतीबिंदू आडवा आला, कधी पासपोर्ट, आणि एकदा तर काहीच आडवं आलं नाही तरी माई म्हणाल्या, बघू पुढच्या वर्षी. त्यामुळे विमानतळाच्या दारातून ट्रॉली ढकलत अण्णा आणि त्यांच्यामागे साडीखाली बूट घातलेल्या माई खरोखरच्या बाहेर आल्या, तेव्हा थोरलीचा नवरा, जो घरीदारी सगळ्यांचा दादा होता, तो पुढे जायचं विसरून नुसता उभाच राहिला. गाडीत येताना 'मी नाही बोलणार त्यांच्याशी' असं बजावणारी फुलबाजी कठड्याखालून वाकून सुटली आणि आजीच्या कमरेला जाऊन आदळली. तेव्हापासून घर जे डोक्यावर घेतलं गेलं होतं, ते अजून खाली ठेवलेलं नव्हतं. बॅगा अर्धवट उघड्या, हॉलच्या सोफ्यावर अण्णांच्या बनियन वाळत घातलेल्या, आणि गोटू रोज एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर.

थोरलीला मात्र या आनंदाच्या पोटात आणखी एक आनंद होता. उद्या, सोमवारी, ती कामावर परत जाणार होती.

ती कृत्रिम पाय बनवायची. गुडघ्याखाली पाय गेलेल्या माणसाच्या उरलेल्या भागाचा प्लॅस्टरचा साचा घ्यायचा, त्यावरून खोबण तयार करायची, ती कुठे टोचते, कुठे सैल पडते ते पाहत घासत राहायचं, आणि मग एक दिवस तो माणूस दोन समांतर दांड्यांमध्ये उभा राहतो, आधी दांड्या घट्ट धरून, नंतर नुसती बोटं टेकवून. त्या क्षणासाठी ती हे काम करायची. गोटूच्या वेळी ते सुटलं. आता वर्कशॉपच्या प्रमुख बाईंनी स्वतः फोन केला होता. एक सहकारी मोठ्या रजेवर जातोय, सहा महिने त्याची जागा सांभाळ, जमलं तर पुढे कायम करू. पाळणाघरात गोटूसाठी जागा होती ती बरोबर सहा महिन्यांनंतर. आणि अण्णा-माईंचा व्हिसाही सहा महिन्यांचा. इतकं सगळं जुळून आलेलं पाहून थोरलीने फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली होती.

त्या रविवारी दादाला सुट्टी मिळाली होती. तो लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, कुठे ना कुठे कोणीतरी अडकलेलं असायचंच, त्यामुळे त्याचं दुपारचं जेवण घरी म्हणजे अपूर्वाईच. माईंनी आणि थोरलीने मिळून स्वयंपाक केला. जेवणाच्या मधोमध धाकट्याचा, म्हणजे दादाच्या भावाचा, व्हिडिओ कॉल आला. दादाने फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवला, म्हणजे धाकटाही पंगतीत बसल्यासारखा. त्याने गोटूला हाका मारल्या, वहिनीला उद्यासाठी शुभेच्छा दिल्या, अण्णांना गोळ्या घेता का विचारलं. मग त्याने माईंना सहज विचारलं, "डायरेक्टरशी बोललीस का? त्यांनी अजून दुसऱ्या कोणाला घेतलेलं नाही."

माईंनी हात पुढे करून फोन पालथा घातला.

पालथ्या फोनमधून धाकट्याचा आवाज हॅलो हॅलो करत राहिला. अण्णा ताटात बघून भात कालवत होते, आधीच कालवलेला. दादाने फोन उचलून पुन्हा उभा केला आणि भावाला विचारलं, कोण डायरेक्टर, कोणाला घेतलेलं नाही.

धाकट्याने आईकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, आणि तो म्हणाला की आता पुरे झालं, मी सांगून टाकतो.

त्याने सांगितलं ते असं. माई गेलं वर्षभर वाचनालयाच्या अभिवाचन मंडळात जात होत्या, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे नाटकाचा एक तरुण दिग्दर्शक आला, त्याने माईंचा आवाज ऐकला आणि राज्याच्या हौशी नाट्यस्पर्धेसाठी त्यांना चक्क मुख्य भूमिकेत घेतलं. छोटीमोठी आजीबाई नव्हे. पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत रंगमंचावर असणारी, खानावळ चालवणारी बाई, जी एका खटल्यात साक्षीला उभी राहते आणि उलटतपासणीत सगळा खटलाच फिरवते. तालमी दीड महिन्याने सुरू व्हायच्या होत्या. माईंनी आधी हो म्हटलं होतं. मग इकडून थोरलीच्या नोकरीचा फोन गेला, आणि माईंनी दिग्दर्शकाला नाही कळवलं. वर अण्णांना आणि धाकट्याला शपथ घातली, की तिकडे यातलं अक्षर बोलायचं नाही.

थोरलीच्या मनात पहिलं जे आलं ते एवढंच, की नाही कळवलंय ना, मग झालं. उद्याचं उद्याच्या जागी आहे. तिला सुटकेसारखं वाटलं. ते वाटणं तिला स्वतःलाच इतकं स्पष्ट ऐकू आलं की तिने घाईने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

माई म्हणाल्या, विषय संपलाय, भात घ्या.

पण विषय दादाने धरला. त्याला राग आला होता आणि कशाचा आला होता ते त्यालाही धड कळत नव्हतं. एवढी मोठी गोष्ट आपल्याला सोडून सगळ्या घराला माहीत, याचाच बहुधा. तुला यायचंच नव्हतं तर सांगायचं होतंस, असं तो आईला म्हणाला. माईंनी शांतपणे सांगितलं की मला यायचं होतं, नातवंडांना बघायचं होतं, आणि बघतेय. धाकटा फोनमधून म्हणाला, दादा, तू तिच्यावर का चिडतोस. दादा म्हणाला, तू लांबून बोलू नकोस. धाकटा म्हणाला, लांब कोण गेलं. झालं. जुनं काहीतरी वर यायला लागलं, ते ओळखून अण्णांनी घसा खाकरला, पण त्यांच्या आधी भलतंच कोणीतरी बोललं.

फुलबाजी खुर्चीवर उभी राहिली होती. ती मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला शाळेच्या भाषेत उत्तर द्यायची. थोरलीने गाणी लावून पाहिली होती, गोष्टी सांगून पाहिल्या होत्या, रुसूनही पाहिलं होतं, आणि शेवटी हात टेकले होते. ती फुलबाजी आता कमरेवर हात ठेवून, प्रत्येक शब्दावर थांबत, खणखणीत मराठीत म्हणाली, "सांगा बाई. मयत इसम तुमच्याकडे जेवायला कधीपासून येत होता?"

सगळे तिच्याकडे बघत राहिले. तिने खुलासा केला की ती वकील आहे. आजी तिला रोज दुपारी शिकवते. मयत म्हणजे मेलेला, आणि इसम म्हणजे कोणीही.

"तुम्ही सोडलीत ना भूमिका?" थोरलीने माईंना विचारलं.

"सोडली. पाठ झालेलं कसं सोडणार?" माई म्हणाल्या.

थोरली त्यांना म्हणाली, करून दाखवा. माईंनी मान हलवली, उष्टे हात आहेत, मुलं जेवतायत, काहीतरीच काय. पण वकीलबाईंना धीर नव्हता. तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला, अधिक जोरात. माईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्या उठल्या, हात धुऊन आल्या, आणि खुर्ची फिरवून तिच्या पाठीवर त्यांनी दोन्ही हात ठेवले.

त्यानंतर काय झालं ते थोरलीला पुढे कितीदा तरी सांगावं लागलं, वर्कशॉपमध्ये, मैत्रिणींना, स्वतःच्या आईला फोनवर, आणि प्रत्येक वेळी तिला वाटलं की आपल्याला ते नीट सांगता आलं नाही. माईंनी आवाज चढवला नाही. उलट थोडा खाली आणला. खांदे जरा पडले, हनुवटी वर आली, आणि समोर एक बाई उभी राहिली जिला थोरलीने कधी पाहिलं नव्हतं, जिचे गुडघे दुखत होते आणि जी कोणालाही भीत नव्हती.

"वकीलसाहेब," माई म्हणाल्या, "मी आयुष्यभर माणसांना वाढत आले. कोण भुकेला आहे आणि कोण नुसता जेवतोय, ते मला त्यांच्या पाठीवरून कळतं. आरोपीच्या पिंजऱ्यातला तो मुलगा त्या दिवशी जेवला नाही. त्याने ताट पुढे घेतलं, आणि दुसऱ्या कोणाची तरी वाट बघत राहिला. ज्याला मारायचंय त्याची वाट माणूस अशी बघत नाही, साहेब. अशी वाट आपण आपल्या माणसाची बघतो."

पुढेही होतं. फुलबाजी प्रश्न विचारत गेली, मधेच एक विसरली तर माईंनी नुसत्या भुवईने तिला आठवण करून दिली. गोटू उंच खुर्चीत चमचा तोंडात धरून थिजला होता. दादाचा रागाने लाल झालेला चेहरा हळूहळू लहान मुलासारखा होत गेला. आणि अण्णा माईंकडे बघत नव्हतेच, ते बाकीच्यांच्या तोंडाकडे बघत होते, एकामागून एक, आपण बांधलेलं घर लोकांना दाखवणाऱ्या माणसासारखे.

संपलं तेव्हा गोटूने चमचा ताटलीवर आपटला. मग सगळेच एकदम बोलायला लागले. फुलबाजीने स्वतःसाठी टाळ्या मागितल्या आणि तिला त्या भरपूर मिळाल्या.

थोरली ताटं उचलून स्वयंपाकघरात गेली. दादा मागोमाग आला. तिने नळ सोडला आणि पाठमोरीच म्हणाली की मी उद्या बाईंना सांगते, मला जमणार नाही. दादा म्हणाला, "हे बघ, तिने तुझ्यासाठी नाही म्हणायचं, तू तिच्यासाठी नाही म्हणायचं, आणि मग दोघींनी घरात बसून एकमेकींना चहा करून द्यायचा?" थोरलीला हसूही आलं आणि रडूही. तिने विचारलं, मग तू सांग काय करायचं. त्याने मनातल्या मनात रजा मोजल्या. नव्या हॉस्पिटलच्या लिफ्ट सुरू व्हायच्या होत्या, त्याने ओढून ताणून काढली तरी रजा काही आठवड्यांचीच निघत होती. त्याने ती काढतो म्हणून सांगितलं. दोघांनाही कळत होतं की तेवढ्याने भागणार नाही.

दारात घसा खाकरल्याचा आवाज आला. अण्णा उभे होते.

"मी राहतो," ते म्हणाले. "तिला जाऊ दे."

दादा हसला. त्याला ती घोषणा वाटली. पण अण्णा हसत नव्हते. त्यांनी सांगितलं की व्हिसा दोघांचा वेगवेगळा असतो, तिकीटही वेगवेगळं असतं, ते त्यांनी येण्यापूर्वीच नीट विचारून ठेवलंय. म्हणजे हा विचार त्यांच्या डोक्यात तिथूनच होता. दादाने विचारलं, अण्णा, तुम्ही कधी चहा तरी केलाय का. अण्णा म्हणाले, गोटू चहा पीत नाही.

एवढ्यात माई आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि त्यांचा पारा चढला होता. मला न विचारता माझं तिकीट कोण ठरवतंय, असं त्यांनी अण्णांना विचारलं. मग प्रश्नांची सरबत्ती केली. तुम्हाला मुलाचा लंगोट बदलता येतो का. त्याला रात्री कशाने झोप येते ते माहीत आहे का. तुमच्या स्वतःच्या गोळ्या तुम्हाला कळत नाहीत, पिवळी कुठली आणि पांढरी कुठली. अण्णा प्रत्येक प्रश्नाला मान डोलावत होते, नाही येत, नाही माहीत, शिकेन.

"अगं, ऐक," शेवटी ते म्हणाले. "आपली पोरं लहान होती तेव्हा मी स्टँडवर होतो. हा पहिल्यांदा चालला ते तू मला एक्स्चेंजमधून फोन करून सांगितलंस. धाकट्याचंही तसंच. मी तेव्हा गाड्या सोडत होतो. आता सोडायला गाड्या नाहीत. हा पोरगा सोफा धरून उभा राहतोय, आज ना उद्या पाऊल टाकेल. मला इथे असू दे."

माईंनी पदराने कोरडंच असलेलं तोंड पुसलं आणि त्या आतल्या खोलीत निघून गेल्या.

थोरली थोड्या वेळाने त्यांच्यामागे गेली. माई पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. लग्न झाल्यापासून या दोघींचं बरं चाललं होतं, पण ते बरं चालणं जपून पावलं टाकण्याचं होतं. दादाने परदेशी जायचं ठरवलं तेव्हा माईंना वाटलं होतं की सुनेने नेलं, आणि थोरलीला माहीत होतं की त्यांना तसं वाटलंय. दोघींनी ते कधी तोंडावर आणलं नव्हतं. आज थोरली त्यांच्याजवळ बसली आणि तिने आडवळण न घेता विचारलं.

"माई, तुम्हाला जायचंय का? खरं सांगा."

माईंनी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हो," त्या म्हणाल्या. "इतकं जायचंय की मला माझीच लाज वाटते. पोरं गळ्यात पडलेली असतात आणि मी मनात वाक्यं म्हणत असते."

"मला उद्या जायचंय ते असंच," थोरली म्हणाली. "गोटूला दूध पाजताना मी प्लॅस्टर कालवत असते."

माईंनी तिचा हात हातात घेतला आणि त्या हसायला लागल्या, आधी हळू, मग चांगल्याच मोठ्याने, त्या एक्स्चेंजवाल्या आवाजात. मग त्यांनी खरी अडचण सांगितली. त्या एकट्या कधी प्रवासाला गेल्याच नव्हत्या. माहेरी जायचं तरी अण्णा ओळखीच्या ड्रायव्हरला सांगून पुढच्या सीटवर बसवून द्यायचे. आणि इथून जायचं म्हणजे मधे विमान बदलायचं. थोरली म्हणाली की ते आपण शिकू. त्या दिवसापासून त्या दोघी एका बाजूच्या झाल्या, आणि घरातल्या बाकीच्यांना ते ताबडतोब जाणवलं.

सोमवारी थोरली कामावर गेली. वर्कशॉपच्या दारातच प्लॅस्टरचा आणि घासलेल्या प्लॅस्टिकचा वास आला. पहिला माणूस पोस्टमन होता, त्याला पुन्हा आपल्या भागात पत्रं वाटत फिरायचं होतं. तिने त्याच्या गुडघ्याखाली ओली पट्टी गुंडाळायला घेतली आणि हात आपले आपणच चालायला लागले.

घरी अण्णांचं प्रशिक्षण सुरू झालं. पहिला लंगोट त्यांनी उलटा बांधला, दुसरा सुलटा पण सैल, आणि त्याचे परिणाम त्यांच्याच मांडीवर झाले. खिमट पातेल्याला लागलं. फुलबाजीला शाळेत सोडताना त्यांनी पहिल्या दिवशी तिचा डबा घरी ठेवला आणि स्वतःचा चष्मा तिच्या दप्तरात घातला. पण त्यांनी दिवसाचं वेळापत्रक मनात पक्कं बसवलं, आणि दूध, झोप, बाग, आंघोळ अशा गाड्या ते मोठ्याने पुकारून सोडायला लागले. गोटूला ते आवडलं. आंघोळीची घोषणा झाली की तो आपण होऊन बाथरूमकडे रांगायचा.

खरी कसोटी माईंची होती. त्यांनी ठरवून आतल्या खोलीत दार लावून बसायचं आणि बाहेर गोटूने कितीही गळा काढला तरी उठायचं नाही, असा नियम थोरलीने घातला होता. पहिल्या दिवशी त्या दाराला कान लावून उभ्या होत्या. पुढच्या आठवड्यात खुर्चीत बसल्या. मग एके दुपारी दिग्दर्शकाशी फोनवर बोलता बोलता गोटू कधी रडला आणि कधी थांबला, ते त्यांना कळलंही नाही. दिग्दर्शकाने अर्थात दुसरं कोणी पाहिलंच नव्हतं.

दुपारी फुलबाजी वकील व्हायची, आणि संध्याकाळी विमानतळावरची बाई. ती आजीला इथल्या भाषेत दरडावून विचारायची, तुम्ही कुठे चाललात, बॅगेत काय आहे, आणि माईंना उत्तर द्यावं लागायचं. माई अडल्या की ती त्यांना मराठीत समजावून सांगायची. मराठीत. थोरली भांडी घासता घासता ऐकायची आणि मुद्दाम वळून बघायची नाही, न जाणो बोलणं थांबलं तर.

गोटू चालला तो एका शनिवारी, सगळे घरात असताना. सोफा सोडून तो झुलत झुलत दादापर्यंत गेला आणि त्याच्या गुडघ्यांत कोसळला. माईंनी त्याला उचलून मुके घेतले, थोरली ओरडली, फुलबाजीने उड्या मारल्या. अण्णा तेवढे नव्हते. ते गॅलरीत त्याचाच टॉवेल आणायला गेले होते. टॉवेल घेऊन आत आल्यावर त्यांनी सगळ्यांची तोंडं पाहिली आणि त्यांना कळलं. ते एवढे नाराज झाले की दिवेलागणीपर्यंत गोटूला सोफ्यापाशी पुन्हा पुन्हा उभं करून समोर उकिडवे बसून राहिले, गुडघे कुरकुरत असताना. आणि गोटूने बापड्याने त्यांना निराश केलं नाही. तो पडला, उठला, आणि इतक्या वेळा आजोबांकडे चालत गेला की शेवटी अण्णाच जमिनीवर आडवे झाले आणि तो त्यांच्या पोटावर चढून बसला.

माईंच्या निघण्याच्या दिवशी सकाळी सगळे विमानतळावर गेले. थोरलीने दोन तास उशिरा येण्याची परवानगी घेतली होती. माईंनी तीच बूट-साडी घातली होती आणि गाडीत त्या सारख्या पर्स उघडत होत्या. दादाने त्यांना कुठे वळायचं, कुठला रंग बघत जायचं, ते पुन्हा सांगितलं. अण्णा आणि माई एकमेकांना सूचना देत होते, दोघंही एकाच वेळी, त्यामुळे कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. पिवळी सकाळी, पांढरी रात्री. उतरल्यावर घाई करू नकोस, लोकांना आधी जाऊ दे. बागेत त्याला टोपी घाला. पासपोर्ट हातात धरू नकोस, पर्समध्ये ठेव. तिथे आत सोडणारा माणूस शांतपणे दोघांकडे बघत उभा होता.

माईंनी फुलबाजीला पोटाशी धरलं, गोटूच्या डोक्यावरून हात फिरवला, दादाच्या गालाला बोटं लावली. थोरलीला त्यांनी मिठी मारली, ती चांगली घट्ट. अण्णांना मात्र त्या नुसत्या "येते" म्हणाल्या.

त्या आत गेल्या. अण्णा काचेला नाक लावून उभे राहिले. ती वळून बघेल, ते म्हणाले. माई वळल्या नाहीत. त्यांना पट्ट्यावर पर्स कशी ठेवायची ते विचारायचं होतं, आणि त्या तिथल्या तरुण मुलीशी बोलत होत्या, हातवारे करत, मान मागे टाकून हसत. मग कोपऱ्यावरून दिसेनाशा झाल्या.

कोणी निघायचं नाव काढेना. थोड्या वेळाने अण्णांचा फोन वाजला. माईंचाच होता. थोरलीला शेजारी उभं राहून सगळं ऐकू येत होतं. विमानाकडे जायचं दार सापडलं, कोणाला विचारावंही लागलं नाही, म्हणजे एकदाच विचारलं. जमीनच आपोआप पुढे सरकते असा एक रस्ता होता, त्यावरून त्या आधी एकदा आल्या आणि मग, वेळ होता म्हणून, परत जाऊन पुन्हा एकदा आल्या. शेजारी एक बाई बसल्यात, त्याही एकट्याच आहेत, त्यांना माईंनी नाटकाचं सांगितलं. मग, बोलावतायत वाटतं, ठेवते, आणि फोन बंद.

अण्णा फोनकडे बघत राहिले.

"मला एक शब्द बोलू दिला नाही तिने," ते म्हणाले, आणि त्यांनी ते दादाला सांगितलं, मग थोरलीला सांगितलं, मग जवळून चाललेल्या एका अनोळखी माणसालाही सांगितलं असतं, तो मराठी असता तर.

एवढ्यात गोटूने जे करायचं ते केलं आणि त्याचा वास सगळ्यांपर्यंत पोहोचला. थोरलीने पिशवीकडे हात नेला, पण अण्णांनी ती आधीच खांद्याला लावली होती. लहान मुलांची खोली कुठे आहे ते त्यांनी फुलबाजीला विचारायला लावलं, गोटूला काखेत घेतलं आणि नातीच्या मागून ते चालू लागले. दादा पुढे झाला. थोरलीने त्याची बाही धरली.

"जाऊ दे त्यांना," ती म्हणाली.

दोघं बाकावर बसून राहिले. बराच वेळ गेला. मग ती तिघं परत येताना दिसली. गोटू स्वच्छ, कोरडा, दुसऱ्या कपड्यांत, आणि अगदी खूश. अण्णांचे बाह्या सारलेले हात ओले होते आणि डोळे लाल होते.

"आजोबा आत रडले," फुलबाजीने मराठीत सांगितलं. "पण थोडेच."

"साबण गेला डोळ्यांत," अण्णा म्हणाले. त्यांनी गोटूची टोपी सारखी केली आणि थोरलीकडे पाहिलं. "चला, हिला कामाला उशीर होतोय."